कुंकवाची सायकल

एका गावात एक सायकल होती. माणसंही होती, गाईगुरंही होती, पण ती काय, सगळ्याच गावांत असतात. सायकल मात्र आसपासच्या एकाही गावात नव्हती, म्हणून गोष्ट तिच्यापासून सुरू करायची.

गाव होतं खाडीच्या तोंडाशी. तिन्ही बाजूंनी खारं पाणी आणि चौथ्या बाजूला एक लांबच लांब बांध. बांध इतका अरुंद, की त्यावर बैलगाडी चालत नसे. बांध संपला की बाजारगाव, आणि त्या बाजारगावात डॉक्टर. भरती असली तर होडीने जाता येई. ओहोटीला होड्या चिखलात बसत. मग कुणाला साप चावो की एखादी बाळंतीण अडो, बांधावरून पायीच निघावं लागे. पायी निघालेली सगळीच माणसं डॉक्टरपर्यंत पोचत नसत.

ही सायकल गावच्या निरोप्याची. तो बाजारगावाहून पत्रं आणी, औषधं आणी, लेकीबाळींचे निरोप आणी आणि वेळ पडली की माणूसही नेई. मागच्या कॅरिअरवर आजाऱ्याला बसवायचं, एका धोतराने त्याला आपल्या कमरेशी बांधायचं आणि पाय मारत सुटायचं. त्याच्या हातून गावातली किती माणसं वाचली, हे त्याने कधी मोजलं नाही. गावानेही मोजलं नाही, पण गाव विसरलं नव्हतं.

संध्याकाळी घरी आला की निरोप्या आधी पाणी पीत नसे. आधी सायकल. पडवीत तिला सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करायचा. नारळाच्या सोडणाने मडगार्डच्या आतला चिखल खरवडून काढायचा. मग कोरड्या फडक्याने एकेक तार, रिम, पुढचं चाक धरणारा चिमटा पुसून घ्यायचा. चेन आधी कोरडी करायचा, मग एका हाताने पायडल फिरवत तिच्यावर शिंप्याकडून आणलेलं मशीनचं तेल थेंब थेंब सोडायचा आणि जादा झालेलं तेल पुन्हा पुसून घ्यायचा. शेवटी तेलकट बोळा सगळ्या अंगावरून हलकेच फिरवायचा. पावसाळ्यात जमिनीची ओल लागू नये म्हणून सायकल आढ्याला टांगून ठेवायचा.

शेजारणी त्याच्या बायकोला चिडवायच्या, "काय गं, सवत आणलीय की काय तुझ्या नवऱ्याने?"

ती म्हणायची, "आणू दे. सवत आहे, पण तोंड बंद ठेवते. म्हणून तिचे लाड होतात, माझे नाही."

निरोप्या हसायचा आणि म्हणायचा, "खाडीवरचं वारं आहे बायांनो. वाऱ्यात मीठ आहे आणि मीठ झोपत नाही. मी झोपायच्या आधी त्याला पुसून काढलं पाहिजे."

त्याला एक मुलगा होता. बापाने त्याला सायकल चालवायला शिकवली. मुलगा झटकन शिकला, कारण चालवताना लोक बघतात. बापाने त्याला सायकल पुसायलाही शिकवली. ते मात्र मुलाच्या डोक्यात राहिलं आणि हातात उतरलं नाही. कारण पुसताना कोण बघतं?

पुढे एका पावसाळ्याच्या अखेरीला निरोप्या तापाने गेला. दुसऱ्याला डॉक्टरकडे नेणारा माणूस. त्याला न्यायला कुणी सायकलवाला नव्हता आणि मुलगा नेमका मामाकडे गेला होता. गाव हळहळलं. मुलगा परत आला, रडला आणि महिन्याभरात बापाच्या सायकलीवर बसून निरोप पोचवू लागला. संध्याकाळी तो सायकल पडवीत टेकवून पारावर गप्पा मारायला जाई. आई मुकाट्याने ती उलटी करी आणि फडकं घेऊन बसे. तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचे हात बघून बघून ते तिच्या हातात आपोआप आलं होतं.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी, हत्यारांच्या पूजेला, गुरव देवळाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला, "मंडळी, आपण कोयते पुजतो, नांगर पुजतो, तराजू पुजतो. जिने यमाच्या दारातून आपली माणसं माघारी आणली, ती सायकल आपण कधी पुजली का?"

लोकांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. सायकल वाजतगाजत देवळात आली. तिला पाण्याने न्हाऊ घातलं. मग दुधाने. हँडलला, चिमट्याला, सीटखालच्या दांडीला हळदकुंकू लावलं. समोर नारळ फोडला आणि त्याचं पाणी तिच्यावर ओतलं. झेंडूची टपोरी माळ हँडलवरून खाली सोडली. आणि मुलाला गुरवाने पाटलाशेजारी बसवून पहिला नारळ त्याच्या ओंजळीत ठेवला.

"तू सायकलीचा मानकरी," गुरव म्हणाला.

मुलाच्या अंगावर काटा आला. कालपरवापर्यंत त्याला 'ए निरोप्याच्या' म्हणून हाक मारणारी माणसं आज त्याला बसायला जागा करून देत होती. त्याने बापाची आठवण काढून डोळे पुसले. ते खोटं नव्हतं. पण पाटलाशेजारची चटई मऊ होती, हेही खोटं नव्हतं.

सायकल घेऊन घरी निघताना गुरवाने त्याला थांबवलं. "एक लक्षात ठेव हो. वाहिलेलं कुंकू पुसायचं नाही. माळ काढायची नाही. आपलं आपण झडू द्यायचं. कुंकू पुसणं म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको."

मुलाची आई तिथेच, बायकांच्या मागे, खांबाला टेकून उभी होती. तिच्या मोकळ्या कपाळाकडे कुणी पाहिलं नाही. तिने मात्र ते वाक्य नीट ऐकलं.

त्यानंतर दर पौर्णिमेला बायका हळदकुंकवाच्या कोयऱ्या घेऊन पडवीत येऊ लागल्या. कुणी नवस बोले, कुणी खणाची घडी ठेवी. मग हळूहळू मुलाला सायकलीवर बसायचा संकोच वाटू लागला. देवावर पाय टाकून बसायचं कसं? निरोप होडीने जाऊ लागले. पत्रं भरतीची वाट बघू लागली. एखाद्या पोराला ताप आला तर लोक त्याला सायकलीपाशी आणत, मडगार्डवरचं चिमूटभर कुंकू कपाळाला लावत आणि घरी नेत. साधा ताप असेल तो उतरे. उतरला की सायकलीचं नाव होई. मुलाला चांगल्या घरच्या सोयरिकी सांगून येऊ लागल्या.

दिवेलागणीला पडवी रिकामी झाली की आई चाकाशी बसे. वरच्या कुंकवाला ती हात लावत नसे, की माळ काढत नसे. पण दुधाने चिकट झालेली चेन, चाकांच्या तारा, चिमट्याची खालची टोकं, सगळं खालून खालून पुसून काढी आणि तेल देई. एकदा मुलाने विचारलं, तर हसून म्हणाली, "देवाचे पाय चेपते, बाळा. डोक्याचं तुमचं तुम्ही बघा."

असं बरंच चाललं. आणि चाललं म्हणूनच सायकल धड होती. गावाला वाटे, पूजेने धड आहे.

एका संध्याकाळी पाटलीणबाई जरा उशिरा कुंकू लावायला आल्या. पाहतात तो काय! निरोप्याची विधवा चाकाशी मांडी घालून बसलेली, हात तेलाने काळे, आणि हातात फडकं.

पाटलीणबाई उंबऱ्यातच ओरडल्या, "अगं बाई! कुंकवाच्या वस्तूला तुझा हात? आम्ही सवाष्णी इथलं कुंकू कपाळाला लावतो गं!"

आई उठली नाही. म्हणाली, "वैनी, तिला कुंकू लागायच्या आधीपासून माझा हात लागतोय. आणि कुंकवाला मी शिवले नाही. ही चेन आहे."

"चेन काय नि माळ काय! देव एकच ना?"

"देव एकच असेल. पण चेन सुटली तर देव ढकलायला येत नाही, वैनी."

पाटलीणबाई कुंकू न लावताच परत गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलाला देवळात बोलावणं आलं. पाटील होते, गुरव होता, चारदोन जाणती माणसं होती. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मुलगाही रागावला असता.

गुरव गोड आवाजात म्हणाला, "तुझ्या आईला कुणी वाईट म्हणत नाही. सोन्यासारखी बाई. पण रीत आहे. बायकांनी यायचं बंद केलं तर मग सायकल काय, नुसतं लोखंड. आणि नुसत्या लोखंडाला मानकरी कशाला हवा? तू शहाणा आहेस. दसरा तोंडावर आलाय."

मुलगा घरी निघाला. वाटेत त्याने दोन्ही बाजूंनी विचार केला, असं त्याला वाटलं. खरं तर त्याने एकाच बाजूने विचार केला. पाटलाशेजारी दुसराच कुणी बसलाय आणि आपण मागे, जोड्यांपाशी उभे आहोत, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

आई चुलीपाशी भाकऱ्या करत होती.

"आई, उद्यापासून सायकलीला हात लावू नकोस."

"का रे?"

"लोक बोलतात."

"लोकांचं राहू दे. तू काय म्हणतोस?"

मुलाने चुलीतल्या जाळाकडे पाहिलं. "मीही तेच म्हणतो."

आईने तव्यावरची भाकरी उलटली. ती तिथेच करपली. तिच्या हातून भाकरी करपलेली मुलाने आजवर पाहिली नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "तुझा शब्द मोडणार नाही. मग तू पुसशील?"

"बघतो."

"नुसतं बघून गंज जात नाही, बाळा. बस इथे, सांगते. आधी कोरडं पुसायचं, मग तेल. ओल्यावर तेल घातलंस तर आतलं पाणी आतच राहतं. आणि ती माळ तेवढी काढत जा. ओल्या फुलांखाली लोखंड कुजतं."

"माळ काढत नाहीत, आई."

"हो का," आई म्हणाली आणि तिने तेलाची बुधली आणि फडकं त्याच्या पुढ्यात ठेवलं. त्याने ते उचलून फळीवर ठेवलं.

तो सायकल पुसणार नव्हता असं नाही. उद्या पुसू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण उद्या पौर्णिमा होती. परवा सोयरिकीचे पाहुणे आले; त्यांच्यासमोर मानकऱ्याने फडकं घेऊन बसायचं? मग थंडीत वाटलं, आता पाऊस कुठे आहे? उन्हाळ्यात वाटलं, एवढं कोरडं तर आहे. आळशी माणसाला कामाची आठवण रोज होते, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. तसंच त्याचं झालं.

पावसाळा आला. पागोळ्यांच्या शिंतोड्यांनी कुंकू वाहून जाईल म्हणून गुरवाने सायकलीला मेणकापडात गुंडाळलं आणि वरून सुतळीने आवळून बांधलं.

आई दारातून म्हणाली, "आत घाम धरेल हो. उघडी राहू दे. नाहीतर आढ्याला टांगा."

"देवाला टांगतात का कुठे?" गुरव म्हणाला, आणि बाकीचे हसले. मुलगाही हसला. अगदी थोडं हसला, पण आईने ते पाहिलं.

पाऊस संपल्यावर वाजतगाजत मेणकापड सोडलं, तेव्हा सगळे दिपले. हँडल, दांडी, चिमटा, रिमा, जिथे कधी कुंकू लावलं नव्हतं तिथेही सायकल लाल झाली होती. खरबरीत, दाट, तांबूस लाल. बोट लावलं की बोटाला रंग येई.

गुरवाने हात जोडले. "देवानं आपणहून कुंकू धरलं!"

बायकांची रीघ लागली. गावातल्या सगळ्या सवाष्णींनी तो गंज कपाळाला लावला. पाटलीणबाईंनी तर थोडासा पुडीत बांधून लेकीच्या सासरी पाठवला. मुलाला दोन्हीकडून ओवाळलं गेलं. ओवाळून घेताना त्याने एकदा आईकडे पाहिलं. ती गर्दीच्या मागे होती. तिचा उजवा हात पुढे आला होता, जसा पेटत्या कपड्याकडे जातो तसा. मग तिने तो पदरात ओढून घेतला.

तिने शब्द दिला होता. शिवाय तिच्या मनात थोडा रागही होता. आईचं झालं तरी मन माणसाचंच. लेकाला कळू दे, असं तिला एखादे वेळी वाटलं असेल. कळायला किती लागेल, हे कुणाच्या हातात असतं?

दसऱ्याच्या अलीकडची गोष्ट. दुपारची वेळ. खाडीला ओहोटी लागलेली, होड्या चिखलात आडव्या पडलेल्या. आई परसात झावळ्यांच्या ढिगातून जळणाला काढायला गेली आणि तिने "अगं आई!" म्हणून हात झटकला. मुलगा धावत आला तेव्हा नाग ढिगाखाली शिरत होता. आईच्या मनगटाजवळ दोन टिपके उमटले होते.

शेजारीपाजारी जमले. गुरव आला आणि पटकन म्हणाला, "सायकलीचं कुंकू लावा कपाळाला!"

कुणीतरी म्हणालं, "विधवेला?"

आणि ती माणसं त्यावर बोलत उभी राहिली.

मुलाने मात्र त्यांचं ऐकलं नाही. त्याने पडवीतून सायकल ओढून काढली. हँडलला चिकटलेल्या कुजक्या माळा ओरबाडून फेकल्या. चाकं आधी फिरेनात. त्याने लाथ घातली तशी करकरत फिरली. टायरमध्ये हवा भरली. ती चिरांमधून हळूहळू निघत होती, पण बाजारगाव गाठेपर्यंत पुरेल एवढी होती. आईला कॅरिअरवर बसवलं, बापासारखंच धोतराने कमरेशी बांधलं आणि बांधाची वाट धरली.

गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना चिखल आणि वर ऊन. चेन प्रत्येक फेऱ्याला किंचाळत होती.

"बाळा," आई पाठीशी टेकून म्हणाली, "चेन कधी पुसलीस?"

"पुसली होती गं. मागच्या महिन्यात."

"खोटं बोलू नकोस. माझ्या कानाला साप नाही चावला."

तो जोराने पाय मारू लागला.

"जोर नको. तुटेल. हळू, सारखा मार."

"गप्प बस आई, बोलू नकोस. विष चढेल."

"बोलायचं नाही तर काय करायचं? हात लावायचा नाही, बोलायचं नाही." तिचा आवाज जड झाला होता. "मला दोन दोन बांध दिसायला लागलेत रे."

त्याने मागे वळून पाहिलं. तिच्या पापण्या मिटायला आल्या होत्या, उघडायला ती भुवया वर ओढत होती. त्याने घाबरून पायडलवर उभं राहून भार टाकला, आणि चेन तुटली. तुटून खाली चिखलात पडली.

तो उतरला आणि आईला तशीच बसवून सायकल ढकलत धावू लागला. बांधावर एक दगड वर आला होता. पुढचं चाक त्याला लागलं. एरवी अशा दगडांवरून त्याचा बाप शीळ घालत जाई. पण चिमटा वरून, जिथे इतकी वर्षं माळांचं आणि नारळाचं पाणी मुरलं होतं, तिथेच मोडला. पिचलेल्या काठीसारखा मोडला. चाक एकीकडे गेलं आणि दोघं बांधावर पडली.

मुलाने आईला पाठीवर घेतलं आणि चालू लागला. कधी चालला, कधी धावला, कधी गुडघ्यांवर आला. सायकलीने जी वाट चुलीवर पाणी उकळेपर्यंत सरे, ती आता संपेना.

आईचा श्वास त्याच्या मानेवर लागत होता. बऱ्याच वेळाने तिची जीभ कशीबशी वळली.

"दमलास रे. जरा बस."

"नाही दमलो, आई."

पुढे ती काही बोलली नाही. तो मात्र बोलत राहिला. पोचलो हं, ते बघ झाड दिसलं, ती बघ डॉक्टरांची कौलं दिसली. बाजारगावातले लोक त्याच्याकडे वळून बघत होते. डॉक्टरांच्या ओसरीवर त्याने आईला उतरवलं, तेव्हा तिचं डोकं त्याच्या हातावरून एका बाजूला पडलं.

डॉक्टर म्हातारे होते. त्यांनी नाडी पाहिली, पापण्या वर करून पाहिल्या आणि हात खाली ठेवला. ते निरोप्याला ओळखत होते.

"सायकलीनं का नाही आणलंस?" त्यांनी विचारलं. "तुझा बाप वेळेवर आणायचा."

मुलाने आपल्या हातांकडे पाहिलं. त्याच्या तळहातांना लाल रंग लागला होता. तो घामाने ओघळून कोपरापर्यंत गेला होता. डॉक्टरांना वाटलं, रक्त आहे. त्यांनी पाणी मागवलं.

आईचे दिवस झाले आणि गुरव घरी आला. सांत्वन करून झालं तरी तो उठेना. शेवटी म्हणाला, "वाईट झालं. पण कारणावाचून काही होत नसतं. कुंकवाच्या वस्तूला नको तो हात लागला होता. देव विसरत नाही. आता शांत करून घेऊ. सायकल बांधावरून आणू आणि देवळापुढे चौथरा बांधून तिथे ठेवू. मान तुझाच. मी बोललोय पाटलांशी."

असंच बोलणं मुलाने पूर्वी ऐकून घेतलं होतं आणि घरी येऊन आईला सांगितलं होतं. गुरवावर ओरडायचा हक्क त्याने तेव्हाच घालवला होता.

तो एवढंच म्हणाला, "काका, देव कोपला नाही. लोखंड होतं. पुसलं नाही म्हणून गंजलं. तुमच्या बायकांच्या कपाळाला आहे ना, तोही गंजच."

गुरव ताडकन उठला. दुःखाने पोराचं डोकं फिरलं, असं त्याने गावात सांगितलं. गावाला तेच सोयीचं होतं. कपाळावर काय लावून फिरलो, हे कुणाला ऐकायचं होतं? सोयरीक मोडली. त्या दसऱ्याला मानाचा नारळ एका नव्या पडावाच्या, म्हणजे मोठ्या होडीच्या, मालकाला दिला. पडाव रंगवलेला होता, सुंदर दिसत होता.

मुलाने सायकल स्वतःच बांधावरून उचलून आणली. पडवीत बसून त्याने ती दगडाने, वाळूने, सोडणाने घासायला घेतली. गंज निघत होता, पण निघताना आपल्याबरोबर लोखंडही नेत होता. काही ठिकाणी घासता घासता आरपार भोक पडलं. सांगाडा, मागचं चाक, हँडल, एवढं वाचलं. बाकी सगळं त्याने बाजारगावाहून आणून बसवलं. त्यासाठी घरातली तांब्याची भांडी गेली.

मग तो पुन्हा निरोप पोचवू लागला. संध्याकाळी घरी आला की पाणी न पिता सायकल उलटी करून बसतो. आधी कोरडं फडकं, मग तेल. पाऊस असो, पाहुणे असोत, अंगात ताप असो. पौर्णिमेला चुकून कुणी कोयरी घेऊन आलंच तर दार लोटून घेतो. लोक म्हणतात, माणूस कडू झालाय. झालाच आहे.

पण साप चावला, बाळंतीण अडली की लोक त्याच्याच दाराशी धावत येतात. मग तो धोतर घेतो, माणसाला कमरेशी बांधतो आणि बांधावर सायकल घालतो. चेनचा आवाज येत नाही. दगड आला तर चाक त्यावरून जातं. झाड दिसतं, कौलं दिसतात, ओसरी येते.

डॉक्टर धावत बाहेर येतात, सुई टोचतात, नाडी धरून बसतात, आणि आजाऱ्याने डोळे उघडले की निरोप्याच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून म्हणतात, "वेळेवर आणलंस हो. अगदी वेळेवर."

मागून पोचलेली आजाऱ्याची माणसं त्याच्या पाया पडायला वाकतात. तो पाय मागे घेतो आणि ओसरीवरून खाली उतरून सायकलीपाशी, तोंड पलीकडे करून उभा राहतो. वाचलेल्या माणसागणिक त्याला तेच वाक्य ऐकावं लागतं. गावात दुसरी कुठलीही शिक्षा त्याला कुणी दिली नाही.

तात्पर्य: जी वस्तू आपल्याला तारते तिला हार नको, रोजचा हात हवा, आणि तो हात ज्याचा असेल त्याला जो दूर लोटतो, त्याला शहाणपण येतं, पण ज्याच्यासाठी यायला हवं होतं ते माणूस तेव्हा उरलेलं नसतं.